आधी खरी किक, मग हूल

या वेळच्या टपालात हूल देऊन मारायच्या किकबद्दल बरीच पत्रे आली. कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, मुआय थाय असे खेळ वेगवेगळे, पण मंडळी अडतात साधारण त्याच त्या ठिकाणी. सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. कुणी 'फेक' म्हणते, कुणी 'फेंट', कुणी 'चकवा'. आम्ही सगळीकडे 'हूल' हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मी कराटेचा ब्राउन बेल्ट आहे. क्वेश्चन मार्क किक आरशासमोर छान बसते, पॅडवर आवाजही चांगला येतो. पण स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, समोरचा हलतच नाही. हात जागच्या जागी ठेवतो आणि माझी किक त्याच्या गार्डवर आपटते. काय चुकतंय?

किकमध्ये बहुधा काहीच चुकत नसेल. चुकतंय ते तिच्या आधीचं. क्वेश्चन मार्क किक म्हणजे मे-गेरीचं (समोर सरळ जाणाऱ्या किकचं) सोंग घेऊन आलेली मवाशी (बाजूने फेरा घेऊन येणारी किक). समोरच्याला तुमच्या मे-गेरीची धास्तीच नसेल, तर सोंगाला तो भुलेल कशाला? पोटात एकदाही किक न बसलेला माणूस पोट झाकायला हात खाली आणत नाही. म्हणून हुलीचा सराव सुरू होतो तो साध्या, सरळ, जोरकस मे-गेरीपासून.

तीन मिनिटांच्या लढतीत पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात त्याच पायाने, त्याच अंतरावरून दोन-तीन खऱ्या मे-गेरी मारा. त्यातली एक तरी बसली पाहिजे, किंवा निदान तिने समोरच्याला मागे रेटलं पाहिजे. गुण मिळाला तर उत्तमच, पण या किक मारायच्या त्या समोरचा काय करतो हे बघण्यासाठी. कुणी हात खाली झाडून किक बाजूला सारतो. तो तुमचा माणूस. पुढची हूल त्याच्यासाठी. कुणी पाऊल मागे घेतो. त्याच्यावर जागच्या जागी हूल वाया जाते, कारण हात खाली आला तरी डोकं टप्प्याबाहेर गेलेलं असतं. अशा वेळी हुलीआधी अर्धं पाऊल सरकून घ्यावं लागतं. कुणी हात न सोडता दोन्ही कोपरं पोटाशी आवळून घेतो; त्याच्या डोक्याचा नाद सोडून बरगडीकडे वळा. आणि जो तुमचा गुडघा उचलला रे उचलला की पुढे घुसतो, त्याला हूल देऊच नका. तो तुम्हाला एका पायावर गाठेल.

दुसरं कारण म्हणजे तुमची खोटी मे-गेरी खऱ्यासारखी दिसत नसावी. हे तपासायला फोन समोरच्याच्या जागी, छातीच्या उंचीवर, साधारण दोन मीटरवर ठेवा. दहा किक मारा, पाच खऱ्या आणि पाच हुलीच्या, क्रम सरमिसळ करून. मग चित्रफीत बघताना प्रत्येक किक गुडघा पट्ट्याच्या उंचीला आला की थांबवा आणि ही खरी की खोटी ते ओळखा. तुम्हाला ओळखता आली तर समोरच्यालाही येणार. उघडं पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. टेकलेल्या पायाची टाच आधीच वळलेली असते. नजर पोटावरून चेहऱ्याकडे उडालेली असते. मागचा खांदा उघडलेला असतो. सगळ्यात जास्त आढळते ती चूक म्हणजे खोट्या किकचा गुडघा खऱ्यापेक्षा हळू उचलला जातो, कारण मन आधीच पुढच्या अर्ध्यात जाऊन बसलेलं असतं. पहिला अर्धा भाग मनापासून मारायचा आहे, पोट फोडायचंच आहे अशा इराद्याने. वळायचं ते अगदी शेवटी.

प्रश्न : क्वेश्चन मार्क किक नेमकी कशी मारायची ते टप्प्याटप्प्याने सांगाल का? आमच्याकडे कुणी म्हणतं 'गुडघा फिरव', कुणी म्हणतं 'कंबर टाक'. गोंधळ होतो.

दोन्ही म्हणणी बरोबर आहेत, फक्त कोणती कधी ते सांगितलं जात नाही. उजवा पाय मागे आहे असं धरू.

पहिला अर्धा भाग निव्वळ मे-गेरीचा. उजवा गुडघा सरळ रेषेत वर येतो आणि समोरच्याच्या बेंबीकडे रोखलेला असतो. टाच मांडीखाली, पाऊल गुडघ्याच्या खाली. बाजूने फेरा मारून गुडघा आला की मवाशी दिसलीच. गुडघा तुमच्या स्वतःच्या खालच्या बरगड्यांपर्यंत चढला पाहिजे, आणि नडगी वीतभर पुढे उघडायला लागली पाहिजे. ही वीतभर उघडझाप फार मोलाची असते. तिच्यावाचून समोरच्याला नुसता उचललेला गुडघा दिसतो, आणि नुसत्या गुडघ्याला सरावलेला माणूस दाद देत नाही. इथपर्यंत कंबर समोर, आणि डाव्या टेकलेल्या पायाचा चवडा बाहेर थोडासाच वळलेला, एरवी मे-गेरीत वळतो तेवढाच.

आता दुसरा अर्धा. डाव्या पायाची टाच जमिनीपासून किंचित सुटते आणि चवड्यावर फिरून जवळजवळ समोरच्याकडे तोंड करते. तिच्यासोबत उजवी कंबर डाव्या कंबरेवरून पलीकडे जाते. 'कंबर टाक' म्हणतात ते हे. याच क्षणी गुडघा आणखी वर चढत आत वळतो आणि त्याचं टोक समोरच्याच्या खांद्यापलीकडे जातं. मघाशी लोंबणारी नडगी आता बाहेरच्या बाजूला आडवी झाली आहे आणि पाऊल गुडघ्याच्या वर गेलं आहे. 'गुडघा फिरव' म्हणतात ते हे. म्हणजे आधी टाच, मग कंबर, मग गुडघा, आणि तिन्ही एकाच झोकात. तिथून नडगी वरून तिरकी खाली पडते आणि गार्डच्या वरून मानेवर किंवा जबड्यावर बसते. साधी मवाशी हातावर अडते, ही हाताच्या डोक्यावरून उतरते. हिची सगळी करामत त्या उताराच्या रेषेत आहे.

हातांकडे लक्ष द्या. उजवा हात मांडीजवळून मागे झटकला जातो, डावा हनुवटीशी चिकटून राहतो. धड डावीकडे मागे झुकेल, पण लागेल तेवढंच. जास्त झुकलात तर किक उंच जाते आणि जोर संपतो. किक बसल्यावर पाऊल आलं त्याच वाटेने परत ओढा. ते न जमलं तर पाय पलीकडे पडतो आणि पाठ समोरच्याला मिळते. जागतिक कराटे फेडरेशनच्या नियमांत डोक्यावरच्या किकला तीन गुण आहेत, पण फटक्यावर ताबा आणि नंतरचं अवधान म्हणजे झानशिनही पंच बघतात. किकनंतर भेलकांडणाऱ्याचा हातातला गुण जाऊ शकतो.

अंतराची चूक फार जण करतात. मे-गेरी सरळ जाते म्हणून लांब पोहोचते, ही वळून येते म्हणून आखूड पडते. तुमची मे-गेरी जेमतेम पोटाला शिवेल अशा अंतरावरून ही किक हवेतच राहील. मे-गेरी पोटातून आरपार जाईल इतक्या जवळ, म्हणजे नेहमीपेक्षा साधारण अर्धं पाऊल पुढे उभं राहावं लागतं. क्योकुशिन कराटेत हाताने डोक्यावर मारता येत नाही, त्यामुळे लढवय्ये छातीला छाती भिडवून धडावर ठोसे चालवत असतात. तितक्या जवळून साध्या मवाशीला फिरायला जागा नसते, या किकला मात्र मिळते. ब्राझीलच्या क्योकुशिन लढवय्यांनी ती नावारूपाला आणली, म्हणून तिला ब्राझिलियन किकही म्हणतात. के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या रिंगणात ग्लाऊब फेइतोसाने ती जगाला दाखवली.

सरावाला भिंत घ्या. डावा हात भिंतीला, आणि तीन थांबे : गुडघा सरळ, कंबर टाकलेली, नडगी उतरलेली. प्रत्येक थांब्यावर दोन सेकंद. एका पायाला आठ, असे तीन सेट. तेही सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. पुढच्या टप्प्यात उजव्या बाजूला, पायाला लागेल न लागेल इतक्या जवळ पाठीची खुर्ची ठेवा. गुडघा बाजूने फेरा घेऊन यायला लागला की खुर्चीला धडकेल. भिंत सोडून खुर्चीजवळ दहापैकी नऊ किक न धडकता निघाल्या की मगच पॅड घ्या. जड बॅगेवर ही किक शिकू नका. बॅगेला खांदा नसतो, तिची बाजू सरळ उभी, त्यामुळे वरून उतरायची सवयच लागत नाही आणि नकळत साधी मवाशी सुरू होते. जोडीदाराने एक पॅड पोटाशी धरावा, दुसरा कानाजवळ, तोंड वर आणि बाहेर तिरकं करून. कोणता मारायचा ते तुमचा गुडघा वर येताना त्याने सांगावं. म्हणजे दोन्ही किकची सुरुवात आपोआप एकसारखी राहते.

प्रश्न : हूल आणि खरी किक यांच्यात किती वेळ असावा? मी थांबून मारतो तेव्हा समोरचा सावरलेला असतो, घाई केली तर त्याला हूल दिसतच नाही.

तुम्ही दोन्ही टोकं बरोबर पकडली आहेत, आता मधली जागा शोधायची. डोळ्याला काही दिसल्यापासून ठरलेली साधी हालचाल सुरू व्हायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पुढ्यात अनेक शक्यता असतील तर त्याहून जास्त. पर्याय वाढतात तसा उत्तराचा वेळ वाढतो, हे हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली मांडलं. हुलीसाठी त्याहून उपयोगी गोष्ट टेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या १९३१ सालच्या प्रयोगांपासून माहीत आहे. एका खुणेला उत्तर द्यायला मेंदू निघाला की लगेच आलेल्या दुसऱ्या खुणेला ताटकळावं लागतं. पहिलं काम मार्गी लागेपर्यंत दुसरं रांगेत उभं राहतं.

दोन खुणांमधलं अंतर सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास, किंवा त्याहून थोडं कमी असलं की ही ताटकळ सगळ्यात लांबते. अंतर फारच कमी, म्हणजे ०.०४ सेकंदांच्या आत आलं, की मेंदू दोन्ही खुणा एकच धरतो आणि एकदाच उत्तर देतो. तुमची घाईची हूल दिसत नाही ती यामुळे. अंतर पाव सेकंदाच्या पुढे गेलं की पहिलं काम उरकलेलं असतं आणि समोरचा दुसऱ्याला मोकळा असतो. तुमची थांबलेली किक अडते ती यामुळे.

घड्याळ लावून हे जमणार नाही. टाळी वाजवून कानाला सवय लावा. 'टक… टाक' अशा दोन सुट्या टाळ्या हा फार लांब ताल. दोन्ही मिळून एकच आवाज झाला तर फार जवळ. 'टटाक' असं एका श्वासात, पण दोन ठोके वेगळे कळतील असं वाजलं की हुलीचा ताल सापडला. तोंडाने तोच आवाज काढत शंभरेक किक मारल्यावर पायही त्या तालावर येतो. हे करताना थोडं विचित्र वाटेल, पण आकड्यांपेक्षा आवाज पायाला लवकर कळतो.

मात्र ताल मोजायचा कुठून? गुडघा जमिनीवरून सुटल्यापासून नव्हे. अनुभवी माणूस गुडघा सुटताक्षणी उत्तर देत नाही, तो वाट बघतो. पण वाट बघण्यालाही हद्द असते. मे-गेरी खरी असेल तर अमुक क्षणानंतर ती अडवता येणारच नाही, त्याआधी त्याला ठरवावंच लागतं. गुडघा पट्ट्याच्या वर गेला आणि नडगी उघडू लागली की ती हद्द आली. तुमची हूल त्या हद्दीपर्यंत पोहोचली पाहिजे. नवशिक्यासमोर खांदा उडवला तरी पुरतं. मुरलेल्यासमोर जवळजवळ अख्खी किक खर्ची घालावी लागते.

प्रश्न : मी तायक्वांदो खेळते. किकबॉक्सिंग खेळणारी मैत्रीण मांडीवर हूल देऊन डोक्यावर किक मारते. आमचे सर म्हणतात, हे आपल्याकडे चालणार नाही. का?

सर बरोबर सांगतात, आणि त्याला दोन कारणं आहेत. वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत कंबरेखाली किक मारता येत नाही, तिकडे रोखलेल्या पायालाही गाम-जोम म्हणजे दंड मिळू शकतो आणि गुण समोरचीला जातो. दुसरं, तुमच्या खेळात मांडीवर किक येतच नसल्यामुळे तिची भीती कुणाच्याच अंगात नाही. मग समोरची हात खाली आणणार तरी कशाला? किकबॉक्सिंगमध्ये मांडी सोलून निघालेली असते, म्हणून तिथे ती हूल चालते.

तुमची हूल राहते धड आणि डोकं यांच्यामध्ये. धडावरच्या किकला दोन गुण, डोक्यावरच्याला तीन. पुढच्या पायाने दोल्यो चागीचा (तायक्वांदोतल्या मवाशीचा) गुडघा उचला, छातीच्या कवचाकडे नडगी अर्धी उघडा, समोरचीचं कोपर खाली आलं की पाय जमिनीला न लावता गुडघा आणखी चढवून डोक्याकडे. यात पाय दोनदा उघडतो पण गुडघा परत खाली येत नाही. आला की डाव संपला. पहिल्या उघडझापीत पायाचं सेन्सर कवचाला नुसतं घासलं तर गुण पडत नाही, कारण वजनगटानुसार ठरलेल्या जोराखेरीज यंत्र नोंद घेत नाही. त्यामुळे पहिला स्पर्श 'वाया' जाऊ द्यायला घाबरू नका. समोरचीला अडवून धरण्यासाठी पाय तीन सेकंदांहून जास्त हवेत तोलून धरणंही दंडाला पात्र ठरवलेलं आहे, तेव्हा एका पायावर नाचत हुलींची माळ लावू नका. नियमावली वारंवार बदलते. स्पर्धेआधी चालू आवृत्ती सरांकडून बघून घ्या.

प्रश्न : हुलीच्या किकचा सराव वाढवल्यापासून टेकलेल्या पायाचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. किक मारणारा पाय ठणठणीत आहे.

सराव थांबवा आणि टाच बघा. साध्या मवाशीत पाऊल आणि कंबर एकत्र फिरतात. हुलीच्या किकमध्ये पहिला अर्धा भाग सरळ असल्याने पाऊल वळायचं राहून जातं आणि कंबर एकदम वळते. तो सगळा पीळ मधल्या गुडघ्यात जातो. रबरी मॅटवर, नव्या बुटांत किंवा घामाने चिकटलेल्या तळव्याने पाऊल अडतं आणि पीळ वाढतो. उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला आणि वजन चवड्यावर असू द्या. पाऊल फिरत नसेल तर कंबरही फिरवू नका, मग किक अर्धवट राहिली तरी चालेल. पण गुडघा सुजला, अडकला, 'निसटतो' असं वाटलं, किंवा आठवडाभराच्या विश्रांतीनंतरही दुखत राहिला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं अस्थिबंध आणि गादी याच पिळाने दुखावतात. तेलाने चोळून त्यावर पुन्हा सराव करू नका.

प्रश्न : पायाची हूल देऊन पायानेच मारायचं, एवढंच आहे का? हाताचा काही उपयोग?

आहे, आणि हाताने डोक्यावर मारता येणाऱ्या खेळांत तर हात हीच सगळ्यात स्वस्त हूल आहे. पायाची हूल देताना तुम्ही एका पायावर येता. हाताची देताना दोन्ही पाय जमिनीवर असतात.

२० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटीत झालेली यूएफसी २७८ची (मिश्र मार्शल आर्ट्सची) लढत आठवा. लिऑन एडवर्ड्स गुणांवर मागे होता, पाचव्या फेरीचं शेवटचं मिनिट चालू होतं. डावखुऱ्या एडवर्ड्सने डाव्या हाताचा सरळ ठोसा येतोय असं दाखवलं. कमारू उस्मानने तो चुकवायला डोकं आपल्या उजवीकडे नेलं, आणि नेमक्या त्याच बाजूने एडवर्ड्सची डावी किक वर येत होती. डोकं स्वतःहून किकच्या वाटेत गेलं. हाताच्या हुलीने कधी गार्ड उघडतो, कधी डोकं हलतं; चांगला लढवय्या डोकं कुठे हलणार ते आधी बघून ठेवतो. तुमच्या जोडीदाराला डावा ठोसा दाखवा आणि त्याचं डोकं कुठे जातं एवढंच दहा वेळा बघा. माणूस सहसा तीच बाजू पुन्हा पुन्हा निवडतो.

ही हूल देताना हात पूर्ण सोडायचा नाही. खांदा पुढे येतो, मूठ निम्म्या वाटेपर्यंत जाते, आणि तोच हात मागे ओढताना त्याच बाजूची कंबर वळवून किक निघते. हात पूर्ण ताणला गेला तर वजन पुढच्या पायावर गच्च बसतं आणि टाच फिरत नाही.

एका पायाची हूल देऊन दुसऱ्याने मारायचाही प्रकार आहे. ३० एप्रिल २०११ रोजी टोरोंटोत ल्योतो माचिदाने रँडी कूटूरला ज्या किकने पाडलं, तिच्यात एक गुडघा वर उचलून दाखवला आणि हवेतच पाय बदलून दुसऱ्याने सरळ किक तोंडावर मारली. कराटेतली उडी घेऊन मारायची ही जुनीच मे-गेरी. ती शिकताना आधी उतरणं शिका : दोन्ही पाय एकामागोमाग, गुडघे मऊ, हात वर.

कराटे खेळणाऱ्यांनी आशी-बाराई विसरू नये. पुढच्या पायाने समोरच्याच्या घोट्याला झाडू मारल्यासारखं करा. तो वजन मागे घेऊन खाली बघतो, आणि तोच पाय जमिनीला न टेकता मवाशी किंवा उरा-मवाशीने (उलट्या फेऱ्याच्या किकने) वर जातो. अट जुनीच : त्याआधी एकदा तरी त्याचा पाय खरोखर झाडलेला असला पाहिजे.

प्रश्न : हूल ओळखायची कशी? मी प्रत्येक वेळी फसतो.

ओळखायच्या मागे लागू नका. ०.२ सेकंदांच्या हिशेबात खरं-खोटं निवडायला सवड नसते. त्यापेक्षा उत्तर असं ठेवा की किक खरी असो वा खोटी, तुमचं फार बिघडू नये.

नजर समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागावर ठेवा. पायाकडे बघाल तर पाऊल सगळ्यात जास्त फसवतं, चेहऱ्याकडे बघाल तर डोळे फसवतात. धड मात्र फारसं खोटं बोलू शकत नाही, कारण कंबर वळल्याशिवाय बाजूची किक बसत नाही. पोटावरच्या किकला हाताने उत्तर देण्याची सवय मोडा. अर्धं पाऊल मागे किंवा तिरकं बाहेर सरका; ज्या खेळात चालतं तिथे नडगी उचलून अडवा. हात लागलाच तर फक्त पुढचा जाईल, तोही बेंबीच्या खाली नाही. मागचा हात कानशिलाला चिकटलेला, हनुवटी खांद्याआड. क्वेश्चन मार्क किक खाली उतरलेल्या हाताचाच फायदा घेते.

धीर असेल तर पुढे या. गुडघा तुमच्या पोटाकडे उठताना तुम्ही आत शिरलात तर नडगी तुमच्या मानेमागे जाते, लागली तर मांडी लागते, आणि समोरचा एका पायावर उभा असतो. पण शिरायचं ते त्याच्या टेकलेल्या पायाच्या बाजूला. सरळ शिरलात आणि ती खरीच मे-गेरी निघाली, तर तुम्ही तिच्यावर स्वतःहून आदळाल.

उलटी हूलही देता येते. दोनदा हात खाली आणल्याचं दाखवा, तिसऱ्यांदा तो डोक्याकडे वळणार हे धरून आधीच जागा सोडा.

प्रश्न : वय ४५, कंबर आखडलेली, पाय छातीच्या वर जात नाही. हुलीच्या किक माझ्यासाठी नाहीत का?

क्वेश्चन मार्क आणि उरा-मवाशी सोडून द्या, बाकी सगळं तुमचं आहे. उंची कमी असली तर दिशा उलटी करा. वर दाखवा, खाली मारा. ठोसा किंवा खांदा डोक्याकडे दाखवून बरगडीवर मवाशी. तुमच्या खेळात मांडीवर मारता येत असेल तर पोटाकडे गुडघा दाखवून मांडीवर. नुसतं पाऊल दणकन आपटून, अर्धं पुढे येऊन थांबणं हीसुद्धा हूलच. समोरच्याने उत्तर देऊन टाकलं, की तुम्ही तुमच्या सवडीने किक मारता. कंबर मोकळी करायचा व्यायाम रोज दहा मिनिटं चालू ठेवा, पण किक उंच नेण्यासाठी पाठ वाकवू नका.

प्रश्न : मुलं एकमेकांवर हुलीच्या किकचा सराव करताना डोक्याला लागतं. हेल्मेट घातलं की पुरे का?

नाही. हेल्मेटने खोक आणि सूज कमी होते. मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबतोच असं नाही. शिवाय हुलीच्या किकमध्ये धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, कारण समोरचा फसलेला असतो आणि मानेचे स्नायू आवळायलाही त्याला सवड मिळत नाही. न दिसलेला हलका फटका दिसलेल्या जड फटक्यापेक्षा जास्त झोंबतो.

म्हणून वाटून द्या. मारणाऱ्याने पहिला अर्धा भाग पूर्ण वेगाने, दुसरा अर्ध्या वेगाने करायचा आणि पाऊल कानाजवळ थांबवायचं. हूल साधली की नाही ते समोरच्याचा हात कुठे गेला यावरून कळतं, फटक्यावरून नाही. दोन मिनिटांची फेरी, त्यात चार-पाचच हुली, बाकी सगळ्या खऱ्या पोटावरच्या किक, त्याही जोर राखून. प्रत्येक किक हुलीचीच असेल तर समोरचा पोट राखणंच सोडून देतो आणि दोघांचाही सराव बिघडतो. डोक्याला चुकून लागलंच, तर मूल 'काही नाही' म्हणालं तरी त्या दिवशी त्याला बाहेर बसवा. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, झापड आली, बोलणं अडखळलं किंवा नजर भलतीकडेच लागली, तर वाट न बघता रुग्णालयात न्या. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याला पुन्हा स्पॅरिंगला उभं करू नका.